काय सोडलं ते कळलं. त्याच्या जागी काय आलं?

प्रश्न : माझं वय ४१, वजन ६२ किलो, काम बैठं. घरात आम्ही तिघं आणि स्वयंपाक तीन तऱ्हांचा. नवऱ्याने दीड महिन्यापूर्वी धान्य पूर्ण बंद केलं. भात नाही, गव्हाचं काही नाही, डाळी नाहीत, फळंसुद्धा नाहीत. अंडी, चीज आणि तळलेलं मांस यावर असतात. पहिल्या दोन आठवड्यांत तीन किलो उतरले, त्यामुळे आता कोणाचंच ऐकत नाहीत. पोट साफ होत नाही ही कुरकुर मात्र रोज सुरू असते. सोळा वर्षांच्या मुलीने तेल, दूध, गोड सगळं बंद केलंय, उकडलेल्या भाज्या आणि सफरचंद एवढंच खाते. दोघांचं वेगवेगळं करून मी उरलंसुरलं खाते. माझं हिमोग्लोबिन १०.२ आलंय. मी काय खाते ते चार दिवस लिहून काढलं, ते सोबत पाठवते. कोणी सांगतं चरबी वाईट, कोणी म्हणतं साखर, कोणी म्हणतं धान्यच नको. संतुलित आहार म्हणजे नेमकं काय, ते एकदा नीट सांगाल का? ता. क. मुलीची पाळी तीन महिने आलेली नाही. अभ्यासाचा ताण असेल.

उत्तर : ताई, मी ता. क. पासून सुरुवात करते, कारण तुमच्या अख्ख्या पत्रात सगळ्यात तातडीची गोष्ट तीच आहे. पाळी तीन महिने थांबायला अनेक कारणं असू शकतात. थायरॉईड असेल, हार्मोन्सचा दुसरा काही बिघाड असेल, ताणही असू शकतो. त्यातलं नेमकं कोणतं ते डॉक्टरच तपासून सांगतील. पण पाळी थांबणं आणि खाणं एवढं कमी होणं या दोन गोष्टी एकाच वेळी घडत असतील, तर त्या वेगवेगळ्या धरायच्या नाहीत. शरीराला पुरेशी ऊर्जा मिळेनाशी झाली की मेंदू पाळीचं चक्र चालवणारे संदेश मंदावतो आणि इस्ट्रोजेन हे स्त्री-हार्मोन कमी होतं. हाडं मजबूत व्हायची ती बहुतांशी विशीपर्यंतच, आणि त्यासाठी कॅल्शियमइतकंच इस्ट्रोजेनही लागतं. या वयात राहिलेली हाडांची कसर पुढे पूर्ण भरून निघेलच असं नाही. म्हणून याच आठवड्यात तिला डॉक्टरांकडे न्या. तिथे पाळीबद्दल सांगाल, तसं ती काय खाते आणि काय टाळते तेही सांगा. आणि थोडा वेळ तिला डॉक्टरांशी एकटीला बोलू द्या. तुमच्यासमोर ती जे बोलणार नाही, ते तिथे बोलेल.

तोवर घरी काय पाहायचं, तेही सांगते. ती पाककृतींचे व्हिडिओ तासन् तास बघते का? दुसऱ्यांसाठी हौसेने करते पण स्वतः तोंड लावत नाही, असं होतं का? सारखी थंडी वाजते म्हणते का? आधी नव्हती अशी चिडचिड वाढलीये का? हे मी मुद्दाम विचारतेय. १९४४-४५ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज या शास्त्रज्ञांनी ३६ धडधाकट तरुणांवर एक प्रयोग केला होता. ते सगळे स्वेच्छेने आले होते. त्यांचं रोजचं खाणं जवळपास निम्म्यावर आणलं आणि सहा महिने तसंच ठेवलं. वजन तर उतरलंच, पण त्यांच्या मनाचं जे झालं ते जास्त विचार करायला लावणारं आहे. खाण्याखेरीज दुसरा विषय त्यांना सुचेना. काही जण पाककृतींची पुस्तकं जमवून वाचत बसायचे. ताटातला घास ते उगाच लांबवत राहायचे. चिडचिड, उदासी, एकटं राहणं वाढलं. या मुलांना आधी खाण्याबद्दल कसलीच भीती नव्हती. ते सगळं उपासमारीतून आलं होतं.

तेव्हा मुलगी हट्टी झालीये किंवा तिला फॅड लागलंय, असं धरून चालू नका. उपाशी शरीराचं डोकंही वेगळं चालतं. तिच्या वजनाबद्दल घरात कोणीही बोलायचं नाही, कौतुकानेसुद्धा नाही. 'किती बारीक झालीस' हे वाक्य या वयात फार खोल जातं. ताटाशी बसून युक्तिवादही करू नका. विषय निघालाच तर तिला एवढंच सांगा, की अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वं चरबीत विरघळतात आणि तेलातुपाशिवाय ती शरीरात नीट शोषली जात नाहीत. तिने भाजी कितीही खाल्ली, तरी चमचाभर तेलावाचून त्यातलं बरंचसं वाया जाणार. काही स्निग्धाम्लं, म्हणजे चरबीचे घटक, तर शरीराला तयारच करता येत नाहीत, ती खाण्यातूनच यावी लागतात. डॉक्टरांना खाण्याच्या विकाराची शंका आली, तर त्यातल्या तज्ज्ञाकडे जायला कचरू नका. असले विकार लवकर हाती लागले तर बरे होण्याची शक्यता कितीतरी जास्त असते.

आता तुमच्या यजमानांकडे येते. त्यांचे तीन किलो खरे आहेत, पण त्यातली चरबी किती, हा प्रश्न आहे. खाल्लेल्या पिष्टमय पदार्थांतली काही साखर शरीर यकृतात आणि स्नायूंमध्ये ग्लायकोजेन म्हणून साठवतं. मोठ्या माणसाच्या शरीरात ती साधारण चारपाचशे ग्रॅम असते आणि तिच्या प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवलेलं असतं. धान्य तोडलं की आधी हा साठा सरतो आणि त्याच्याबरोबरचं पाणी निघून जातं. म्हणजे पहिल्या पंधरवड्यात उतरलेल्या वजनाचा मोठा हिस्सा पाण्याचा असणार. पुन्हा धान्य सुरू केलं की ते पाणी परत येतं, आणि माणूस म्हणतो, 'बघा, भात खाल्ला की लगेच फुगतो.'

याचा अर्थ त्यांची पद्धत खोटी, असं मी म्हणत नाही. कमी धान्य खाऊनही वजन उतरतं आणि कमी चरबी खाऊनही उतरतं. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाचा एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. ६०९ जणांना दोन गटांत विभागलं होतं. एका गटाने वर्षभर चरबी कमी ठेवली, दुसऱ्याने पिष्टमय पदार्थ. वर्षअखेरीस पहिल्या गटाचं वजन सरासरी ५.३ किलोंनी आणि दुसऱ्याचं ६ किलोंनी घटलं होतं. हा फरक संख्याशास्त्राच्या दृष्टीने नगण्य ठरला. प्रत्येक गटात काहींचं वजन खूप उतरलं होतं, तर काहींचं चक्क वाढलं होतं. मला मात्र त्यातली आणखी एक गोष्ट मोलाची वाटते, जिची चर्चा कमी होते. दोन्ही गटांना एकच गोष्ट सांगितली होती : भाज्या भरपूर खा, वरून घातलेली साखर आणि मैदा कमीत कमी ठेवा, शक्यतो घरी शिजवलेलं साधं अन्न खा. चरबी की पिष्ट, या भांडणात उरलेली सगळी दुनिया गुंतली होती आणि दोन्ही गटांत जे समान होतं त्याकडे फार कमी जणांचं लक्ष गेलं.

म्हणून कोणीही 'मी अमुक सोडलं' असं म्हणालं, की माझा पुढचा प्रश्न एकच असतो : त्याच्या जागी काय आलं? माणूस एक पदार्थ ताटातून काढतो तेव्हा तिथे खळगा राहत नाही, दुसरं काहीतरी येऊन बसतंच. आरोग्याचा हिशेब त्या दुसऱ्या गोष्टीवर ठरतो. चरबीच्या बाबतीत हे फार स्पष्ट दिसलेलं आहे. लोण्यासारख्या संपृक्त चरबीच्या जागी शेंगदाणा, सूर्यफूल, सोयाबीन यांचं तेल, सुकामेवा किंवा मासे आले, तर हृदयविकाराचा धोका कमी होतो. तीच चरबी काढून तिच्या जागी मैदा आणि साखर आली, तर हाती फारसं काही लागत नाही. एके काळी 'चरबीमुक्त' असं छापलेले डबे बाजारात सगळीकडे आले होते. त्यातल्या कितीतरी डब्यांत चरबी काढून चवीसाठी साखर आणि स्टार्च भरलेलं होतं.

तुमच्या यजमानांच्या ताटात धान्याच्या जागी चीज आणि तळलेलं मांस आलंय. धान्याबरोबर डाळी आणि फळंही गेली. पोटाची कुरकुर त्यातूनच आलेली दिसते. मोठ्या माणसाने रोज किमान २५ ग्रॅम तंतू (फायबर) खावेत असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि मांस, अंडी, चीज यांत तंतू जवळजवळ शून्य असतात. त्यांना धान्य कमीच ठेवायचं असेल तर ठेवू द्या. पण त्या जागी पालेभाज्या, कडधान्यं, सुकामेवा आणि एखादं सबंध फळ येऊ द्या. रोजच्या तळणाऐवजी आठवड्यातून दोनदा मासे केले तरी मोठा फरक पडेल. एक गोष्ट मात्र त्यांना आजच विचारा : मधुमेहाच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत का? असतील तर पिष्टमय पदार्थ एकदम तोडल्याने साखर किंवा रक्तदाब नको इतका खाली येऊ शकतो. गोळ्यांची मात्रा तपासून घ्यायला लागेल, आणि ते स्वतःच्या मनाने करायचं नाही.

'धान्य' हेही एकसारखं नसतं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जावा बेटावर क्रिस्तियान आयकमान नावाचे डच डॉक्टर बेरीबेरी या हातपाय लुळे पाडणाऱ्या आजाराचं कारण शोधत होते. त्यांच्या कोंबड्या कोंडा काढलेल्या पांढऱ्या तांदळावर ठेवल्या की पायांतली ताकद जाऊन पडायच्या आणि कोंड्यासकट तांदूळ दिला की पुन्हा उभ्या राहायच्या. जे काढून टाकलं जात होतं त्यातच थायामिन म्हणजे ब-१ जीवनसत्त्व होतं. आयकमानना १९२९ मध्ये त्यासाठी नोबेल मिळालं. जाडसर, कोंड्यासकट धान्य आणि मैदा यांना एकाच नावाखाली धरून दोन्ही ताटाबाहेर काढायची गरज नाही.

तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर आता सोपं झालंय. शरीराला ऊर्जा लागते, झीज भरून काढायला प्रथिनं लागतात, थोडी चांगली चरबी लागते, तंतू आणि पाणी लागतं, आणि अगदी थोड्या प्रमाणात पण न चुकता लागणारी जीवनसत्त्वं आणि खनिजं लागतात. हे सगळं एकाच पदार्थात सापडत नाही. म्हणून ताटात वैविध्य हवं, आणि ताट संतुलित आहे की नाही हे एका जेवणावरून ठरवायचं नसतं. आठवडाभराचं खाणं बघायचं असतं. एका संध्याकाळी केक खाल्ला म्हणून काही बिघडत नाही आणि एका दुपारी कोशिंबीर खाल्ली म्हणून काही साधतही नाही. मोजमापाची कटकट नको असेल, तर हार्वर्डच्या आहारतज्ज्ञांनी सुचवलेली विभागणी मला व्यवहारात सगळ्यात सोयीची वाटते. अर्ध्या ताटात भाज्या आणि फळं, पाव ताटात धान्य, शक्यतो कोंड्यासकट, आणि उरलेल्या पाव ताटात डाळ, कडधान्य, अंडी, मासे यांपैकी काही प्रथिनांचं. भाज्या-फळं मिळून दिवसाला किमान ४०० ग्रॅम व्हावीत असं जागतिक आरोग्य संघटनेचं सांगणं आहे. बटाटा यात धरत नाहीत. मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा. त्यात पाकिटातल्या पदार्थांतलं मीठही आलं.

प्राणिजन्य काहीच न खाणाऱ्याने ब-१२ ची गोळी किंवा ते मुद्दाम घातलेले पदार्थ घ्यायलाच हवेत. तुमच्या मुलीने दूध सोडलंय, तेव्हा तिच्या बाबतीत हाही विषय डॉक्टरांकडे काढा.

राहिलात तुम्ही. तुम्ही पाठवलेली चार दिवसांची नोंद मी नीट वाचली. सकाळी चहा आणि चार बिस्किटं. अकराला चहा. दुपारी दीडला भात आणि बटाट्याची भाजी, त्यानंतर लगेच चहा. पाच वाजता 'खूप भूक लागली म्हणून पाकीट'. रात्री साडेनऊला 'उभ्या उभ्या, जे होतं ते'. चारही दिवस थोड्याफार फरकाने हेच. फळ एकाच दिवशी दिसतं, तेही अर्धं, कारण उरलेलं अर्धं मुलीने खाल्लं होतं.

प्रत्येक चहात दोन चमचे साखर असं तुम्ही लिहिलंय. चमच्यात साधारण ४ ग्रॅम धरली तर तीन चहांतच २४ ग्रॅम झाली. वरून घातलेली साखर एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत आणि जमल्यास ५ टक्क्यांच्या आत ठेवा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. दिवसाच्या २००० कॅलरी धरल्या तर ती ५० ग्रॅम आणि २५ ग्रॅम होते. म्हणजे बिस्किटाला हात लावायच्या आधीच तुम्ही २५ च्या उंबरठ्यावर आलात. त्या बिस्किटाच्या आणि पाचच्या पाकिटाच्या मागची यादी एकदा वाचून बघा. जो घटक वजनाने सगळ्यात जास्त, त्याचं नाव यादीत आधी असतं. मैदा, साखर, तेल हीच नावं पहिल्या तिनात दिसली तर आत काय आहे ते कळलंच.

पाकीट हातात आलं की संपेपर्यंत खाली ठेवता येत नाही, हा तुमचा एकटीचा दुबळेपणा नाही. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासासाठी अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत २० जणांना महिनाभर ठेवून घेतलं होतं. दोन आठवडे कारखान्यात भरपूर प्रक्रिया झालेलं अन्न आणि दोन आठवडे साधं शिजवलेलं, हवं तेवढं खा. समोर मांडलेल्या अन्नात साखर, चरबी, तंतू, मीठ दोन्ही वेळा सारखंच ठेवलं होतं. तरी प्रक्रिया केलेल्या अन्नावर असताना ती माणसं दिवसाला सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होती आणि दोन आठवड्यांत त्यांचं वजन जवळपास किलोभर वाढलं. साध्या अन्नावर तेवढंच कमी झालं.

तुमच्या नोंदीत मला सगळ्यात जास्त खटकलं ते प्रथिनांचं प्रमाण. निरोगी माणसाला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे तुम्हाला साधारण ५१ ग्रॅम. माझ्या हिशेबाने तुमचं तिशीच्या आसपास अडतंय. म्हणूनच पाच वाजता एवढी भूक लागते. सकाळी दोन अंडी खाल्लीत तर १२ ग्रॅम आली. अंडी नको असतील तर रात्रभर भिजवलेलं कडधान्य चालेल. पेलाभर दूध किंवा दही म्हणजे ८ ग्रॅम. मूठभर शेंगदाणे म्हणजे ७ ग्रॅम. दुपारच्या भातावर घट्ट डाळ घ्या. तांदूळ-गव्हात जे अमायनो आम्ल (प्रथिनांचा घटक) कमी पडतं ते डाळीत भरपूर असतं आणि डाळीत कमी पडणारं धान्यात असतं.

हिमोग्लोबिन १०.२ म्हणजे स्पष्ट ॲनिमिया, कारण तुमच्या वयाच्या बाईचं १२ च्या वर असायला हवं. नुसतं खाणं सुधारून हे लवकर भरून निघणार नाही, आणि कारण शोधल्याशिवाय गोळ्या घेऊही नका. चाळिशीत अनेकींचा पाळीचा स्राव वाढलेला असतो आणि ते अंगवळणी पडल्यामुळे सांगायचं राहून जातं. डॉक्टरांना ते सांगा, फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तपासायचं का तेही विचारा. मुलीला नेणारच आहात, त्याच खेपेला स्वतःचंही दाखवून घ्या. खाण्यातलं लोह मात्र आजपासून वाया जाऊ देऊ नका. डाळी-पालेभाज्यांतलं लोह शरीरात कमी शोषलं जातं, पण सोबत क जीवनसत्त्व असेल तर शोषण चांगलं वाढतं. भाजीवर लिंबू पिळा, नाहीतर जेवणात टोमॅटो किंवा संत्रं असू द्या. चहातली टॅनिनं उलट काम करतात, लोहाला अडवतात. तुमचा दुपारचा चहा बरोबर जेवणावर येतोय. तो तासभर पुढे ढकला.

आणि तीन स्वयंपाक बंद करा. एक भाजी, एक डाळ किंवा मांसाहाराचा एक पदार्थ, एक धान्य, एक कोशिंबीर, एवढं सगळ्यांसाठी एकदाच करा. यजमानांनी धान्य कमी वाढून घ्यावं, कोशिंबीर आणि डाळ जास्त. मुलीने सुरुवातीला जेवढं घेईल तेवढं घ्यावं, पण सगळ्यांबरोबर बसून. डॉक्टरांनी तिच्यासाठी काही वेगळं सांगितलं तर तेच पाळायचं. तुम्ही रात्री बसून, पहिल्या वाढीला, स्वतःचं ताट पूर्ण वाढून घ्यायचं. पाचच्या भुकेसाठी शेंगदाणे आणि एक फळ सकाळीच डब्यात भरून ठेवा. तुमचे आणि मुलीचे रिपोर्ट आले की मला पुन्हा लिहा, पुढचं आपण त्यावरून ठरवू.